खाडीच्या मधोमध भाकरी

हमीदाचे दोन्ही पाय मांडीपर्यंत चिखलात रुतले होते आणि पाणी तिच्या छातीला लागलं होतं. तिचा उजवा हात मी धरला होता, डावा सुलोचनानं. आम्ही दोघी जीव खाऊन ओढत होतो आणि जेवढं ओढावं तेवढी ती खाली जात होती.

"सोडा गं मला," हमीदा म्हणाली. "तुमी जावा. मेरी उमर हो गयी."

"आन् आमी काय कालच्या पोरी हाव का?" सुलोचना तिच्यावर ओरडली. "जावं तरी कुठं? मला काय पोहता येतंय?"

तिला पोहता येत नव्हतं. मलाही नाही. पोहायला शिकायचं तर आधी पाणी लागतं, आणि आमच्या गावच्या विहिरीत बायका उतरल्या त्या वाटीनं हंडा भरायला.

काठ समोर दिसत होता. माडाखाली एक गाय बांधलेली होती, ती आमच्याकडं बघत रवंथ करत होती. ऊन पिवळं झालं होतं. पाण्याला लाट नव्हती, आवाज नव्हता. दूध उतू जायच्या आधी जसं गुपचूप वर येतं, तसं ते वर येत होतं. आभाळात ढगाचा ठिपका नाही, मग हे पाणी येतंय कुठून, हेच मला कळत नव्हतं. मरायची भीती वाटत होतीच, पण त्याच्याआधी मला त्या पाण्याचं नवल वाटत होतं.

परत आल्यापासून ज्या त्या बाईला हे सांगून माझं तोंड दुखलं, म्हणून आता लिहूनच काढते. मी चौथीपर्यंत शिकले आहे. अक्षर बरं आहे. ज्यांनी कोकण पाहिलं नाही त्यांनी वाचावं, ज्यांनी पाहिलं आहे त्यांनी हसावं.

निघालो कशाला

माझं नाव सोजर. आमचं गाव घाटनांदूरच्या पलीकडं. गावात बायकांची दूध संस्था आहे. त्या साली पाऊस सलग दुसऱ्यांदा गेला आणि सगळ्यांची जनावरं चारा छावणीत होती. जनावराबरोबर माणूसही तिथंच. सुलोचना, हमीदा आणि मी, तिघींची दावण शेजारी शेजारी, म्हणून चूलही एक झाली. त्याआधी सुलोचनाच्या घरी माझा कप वेगळा असायचा. छावणीत कपच एक होता.

दूध आटलं, पण आम्ही संस्थेला कुलूप लागू दिलं नाही. म्हणून तालुक्याच्या संघानं गावोगावच्या बायकांची सहल काढली त्यात आम्हा तिघींना घेतलं. कोकणातल्या बायकांची सहकारी संस्था बघायची, तिथं कोकमाचं सरबत आणि काजू करतात. आम्हाला कोकमाशी काय करायचं होतं? आमच्याकडं कोकम येतं ते पुडीतून. पण मला जन्मात कुणी "चल, बघून येऊ" म्हटलं नव्हतं. ऊस तोडायला मी पार कोल्हापूरपर्यंत गेले आहे, तेव्हा फडाच्या पलीकडं काय आहे ते बघायला मान वर केली नाही. म्हशी सुनांवर सोपवल्या आणि संक्रांतीचं वाण उरकून निघालो.

शिदोरी जोरदार होती. कडक ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, धपाटे आणि हमीदाच्या हातचा ठेचा. शिवाय सुलोचनानं पाण्याचे दोन मोठे कॅन घेतले.

"कोकणात पाणी न्हाई का?" मी विचारलं.

"आसंल की. पण कुणाच्या दारात मागायचं कावून?"

ते कॅन आम्ही भरलेले नेले आणि भरलेलेच परत आणले.

घाटाखाली

रस्त्याचं काही सांगत नाही, रस्ता सगळीकडं सारखाच. घाट मात्र सांगते. पहाटेची वेळ होती आणि गाडी ढगात शिरली. गाडीतल्या निम्म्या बायका ओकत होत्या. मी खिडकीला डोकं लावून बसले होते. बाहेर आधी नुसतं पांढरं होतं. मग त्या पांढऱ्यातून एक झाड यायचं, भिजलेलं, काळं, आणि निघून जायचं. मग दुसरं. हळूहळू पांढरं विरलं आणि हिरवं लागलं. ते संपेचना. डोळे मिटले तरी पापणीच्या आत हिरवंच दिसत होतं.

"सपनात असल्यावानी वाटतंय," हमीदा म्हणाली.

"सपनात वकारी येत न्हाई," सुलोचना म्हणाली आणि पिशवीत तोंड घातलं.

आम्हाला शेवंती नावाच्या बाईच्या घरी उतरवलं. शेवंती तिथल्या संस्थेतली, पन्नाशीची, काटक. दारातच तिनं विचारलं, "खंयसून इलास गो?"

आम्ही एकमेकींकडं बघितलं. मराठीच असावं असं वाटत होतं, पण दुसऱ्याच्या चपला घालून आल्यासारखं. मग तिनं सावकाश विचारलं तेव्हा हमीदानं सांगितलं, "बीड जिल्ह्यातून आल्तो बाई, लई लांबून."

"आल्तो?" शेवंती हसली. "म्हणजे इलास."

तिनं पायावर घालायला पाणी आणलं. तांब्या नव्हे, कळशी. आख्खी कळशी तिनं तीन बायकांच्या सहा पायांवर ओतून टाकली. आमचे पाय आपोआप सरकत सरकत अंगणातल्या केळीच्या आळ्यात गेले, म्हणजे पाणी झाडाला लागावं. शेवंती बघतच राहिली. तिला वाटलं, आमच्याकडं झाडात उभं राहून पाय धुवायची रीत असेल.

दुसऱ्या दिवशी आंघोळीला तर तिनं हद्द केली. म्हणाली, न्हाणीघरात हौदच आहे, हवं तेवढं घ्या. आमच्या घरी तेव्हा घमेल्यात बसून आंघोळ चालायची, खालचं पाणी कपड्याला, कपड्याचं म्हशीच्या अंगाला. हमीदा आंघोळ करून बाहेर आली ती हातात बादली घेऊन.

"ह्यां काय?" शेवंतीनं विचारलं.

"आंघोळीचं पाणी. कुणाला पाजायचं?"

शेवंती पायरीवर बसून हसली. हमीदाला राग आला नाही, पण बादली तिनं खाली ठेवली नाही. शेवटी सुलोचनानं ती माडाला घातली.

भात

जेवणात भात. सकाळी पेज, म्हणजे पातळ भात. दुपारी भात, रात्री भात. आमच्याकडं भात म्हणजे पाहुणा आला तर किंवा माणूस आजारी पडलं तर. त्या भातानं माझं पोट गच्च भरायचं, पण भरल्याचं पोटाला कळायचं नाही. हमीदानं आणि मी बांगडा खाल्ला. काटे काढायला मला वेळ लागला, चव मात्र चांगली होती. सुलोचना माळकरी, ती सोलकढीवर राहिली. गुलाबी कढी बघून आधी म्हणाली, "ह्यात रंग घातलाय." मग वाट्यांवर वाट्या प्यायली आणि पाट सोडेना.

शेवंतीला आमची भाकरी आणि ठेचा दिला. एक घास घेतला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी.

"गे बाय! ह्यां काय, उजो?"

"उजो म्हंजी?"

तिनं चुलीतला जाळ दाखवला.

"व्हय," हमीदा म्हणाली. "आमी उजोच खातो."

त्या रात्री अंगणात झोपलो. छावणीत रात्रभर जनावरं हंबरायची, साखळ्या वाजायच्या. इथं माडाच्या झावळ्यांचा आवाज येत होता, कुणीतरी झोपेत कूस बदलल्यासारखा. हवा अंगाला ओलसर लागत होती. आपण जागी आहोत की झोपलो आहोत, हे मला बराच वेळ ठरवता आलं नाही. मला असं व्हायची सवय नाही.

खाडी

तिसऱ्या दिवशी दुपारी संस्थेची बैठक होती. आमच्या गाडीतल्या बाकी बायका भाषणं ऐकायला बसल्या. आम्ही तिघी भाकरी घेऊन सटकलो. शेवंतीच्या घरामागून उतरलं की खाडी, एवढं माहीत होतं. समुद्र आम्हाला दुसऱ्या दिवशी दाखवणार होते, तो अजून पाहिला नव्हता.

खाली उतरलो आणि तिघींच्या तोंडून एकदमच निघालं, "हात्तीच्या!"

नदी कोरडी होती. रुंद, लांब, आमच्या नदीच्या चौपट, पण कोरडी. मध्ये वाळूचा पांढरा पट्टा, कडेनं काळा चिखल, एक बारीक ओढा. काठाच्या होड्या कुशीवर आडव्या पडलेल्या. आमच्या तलावातली होडीही अशीच आडवी पडून आहे, तिच्यात आता कोंबडी अंडी घालते.

"एवढा पाऊस पडून ह्यांची नदी कोरडी!" सुलोचना म्हणाली. "पाणी ठिवताच येत न्हाई ह्यांना. भाषणं कसली करत्यात?"

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. त्या हिरव्यात आल्यापासून पहिल्यांदा ओळखीचं काही दिसलं होतं. आमच्याकडं नदी म्हणजे मोकळी जागा. नदीत बाजार भरतो, नदीत लग्नाच्या पंगती बसतात, नदीत मिरच्या वाळतात. भाकरी खायला नदीच्या मधोमध जाऊन बसायचं, यात विचार करण्यासारखं आम्हाला काही वाटलंच नाही. भरती-ओहोटी हे शब्द मी चौथीच्या पुस्तकात वाचले होते, पण ते समुद्राचे. नदीला भरती येते असं त्या पुस्तकात नव्हतं.

चिखलातून कडेकडेनं, दगडांवर पाय देत आम्ही वाळूवर गेलो. वाळू स्वच्छ होती, पायाला गार लागत होती. लांब पांढरे बगळे उभे होते. भाकरी सोडली. हमीदानं सवयीनं हातानं वाळू उकरून झिरा केला. आमच्याकडं हातभर खणलं तर घोटभर पाणी बसतं. इथं वीतभर खणलं आणि पाणी आलं.

सुलोचनानं ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकली. "खारट हाय! ह्यात मीठ कुणी घातलं?"

"कोकणात समदंच उलटं," हमीदा म्हणाली.

खाऊन आडव्या पडलो. ऊन मऊ होतं. मग गप्पा निघाल्या. शेवंतीची बोली कशी, आपली कशी, 'का' विचारायला ती 'कित्याक' म्हणते आणि आपण 'कावून', आणि दोघींना उत्तर कुणी देत नाही ते नाहीच.

"हमीदा," मी विचारलं, "तुला सपान कोणच्या भाषेत पडतंय?"

"मराठीत. घरात समदे उर्दू बोलत्यात, पण सपनात मराठीच."

"आन् शिव्या?"

"म्हशीला मराठीत. नवऱ्याला उर्दूत."

"आसं कावून?"

"म्हशीला कळाया पायजे ना."

सुलोचना इतकी हसली की तिला ठसका लागला. मग ती म्हणाली, आपली म्हैस इथं आणली तर हिरवं बघून येडी होईल. हमीदा म्हणाली, म्हैस नाही, मीच येडी झालेय, मला इथंच ठेवा आणि म्हशीला सांगा हमीदा मेली. मी म्हणाले, म्हैस रडणार नाही. असं काहीबाही. छावणीतही आम्ही बोलायचो, पण तिथं बोलणं पाण्याचं, पेंडीचं, टँकरचं. नुसतं बोलायचं म्हणून बोलणं आम्हाला त्या वाळूवर सुचलं.

मध्येच हमीदा म्हणाली, "झिरा बघा गं, काठोकाठ भरला!"

तिघींनी उठून बघितलं. खड्डा खरंच तुडुंब भरला होता, पाणी कडेवरून वाहत होतं. आम्हाला काय वाटावं? आनंद झाला. हमीदानं पाण्याला हात लावून कपाळाला लावला. "बरकतीची जागा हाय," ती म्हणाली. खारट असो, पाणी वर येतंय हे आमच्या डोळ्यांना चांगलंच दिसतं. वाईट दिसायची त्यांना शिकवण नाही.

मग डोळा लागला. स्वप्नात मी आमच्याच नदीत उभी होते आणि लांबून कुणीतरी रेशमी लुगडं ओढत आणत होतं, त्याची सळसळ ऐकू येत होती. जाग आली तेव्हा पाय ओले होते.

आमची वाळू सतरंजीएवढी उरली होती. चारी बाजूंनी पाणी, आणि त्यात आभाळ. होड्या उभ्या राहून डोलत होत्या. जिथून दगडांवर पाय देत आलो तिथं दगड नव्हते. इतकं सुंदर होतं ते, की ओरडायला मला क्षणभर उशीर झाला.

चिखलात

काठाकडं निघालो ती चूक नव्हती, तिथं थांबून काय करणार होतो? पण कडेच्या चिखलावर आता कमरेएवढं पाणी होतं आणि दगड सापडेनात. सुलोचना आणि मी अंगानं काडी. हमीदा वजनदार. ती बसली ती बसलीच. वर सांगितलं ते इथं घडलं.

पाणी तिच्या छातीवरून खांद्याला आलं. तिनं डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागली. सुलोचना रडत होती आणि रडता रडता तिला शिव्या देत होती. मला रडू आलं नाही. मी हमीदाच्या मानेकडं बघत होते आणि मला आमचा तलाव दिसत होता. तलाव आटत आला की मधल्या गाळात पाणी शोधत म्हशी जातात आणि रुततात. त्या साली आम्ही तिघींनी मिळून कितीतरी म्हशी काढल्या होत्या. रुतलेली म्हैस कधी ओढायची नसते. ओढली की गाळ पाय धरतो. तिला कुशीवर पाडायचं, आडवी करायची, म्हणजे वजन पसरतं, आणि मग एकेक पाय हात घालून मोकळा करायचा. हे तिघींनाही ठाऊक होतं. पण हमीदा म्हैस नव्हती, म्हणून कुणाला सुचलं नाही.

"सुले, वढू नको!" मी म्हणाले. "आडवी पाड तिला."

"काय?"

"आडवी! म्हशीवानी!"

सुलोचनाला लगेच कळलं. तिनं हमीदाच्या बगलेत हात घातले आणि तिला मागं उताणी ओढली. हमीदाच्या नाकातोंडात पाणी गेलं, तिनं डोळे उघडले.

"मेरे कू भैंस समझ्या क्या गं!"

"गप पड," सुलोचना म्हणाली, "म्हैस तुझ्यापरीस शाणी हाय. ती बोलत न्हाई."

मी श्वास धरून पाण्यात गेले. खाली अंधार आणि थंडगार गाळ. तिचा एक गुडघा सापडला, त्याच्या कडेनं हात फिरवत गाळ मोकळा केला, पाय बाजूला वाकवला. सुटला. वर आले, श्वास घेतला, परत खाली. दुसरा पाय हट्टी होता. तिसऱ्यांदा गेले तेव्हा कानात घंटा वाजत होत्या आणि मला वाटलं, आता आपण वर जात नाही. मग तो पायही आला.

हमीदा तरंगायला लागली. तिची तिलाच गंमत वाटत होती. पण आता आमच्या दोघींच्या हनुवटीला पाणी लागलं होतं आणि पायाखाली काही धड नव्हतं. सुलोचनाचा पदर मी हाताला गुंडाळला, हमीदाचा तिनं. तिघी एका गाठीत झालो. जायचं तर एकत्र, असं काही आम्ही ठरवलं नव्हतं, हाताला तेवढंच लागलं.

तेवढ्यात काठावरून ओरडणं ऐकू आलं. शेवंती चहाला बोलवायला आली होती. तिनं आम्हाला बघितलं, लुगडं खोचलं आणि जवळची होडी सोडली. वल्हं मारत ती येत होती आणि सगळा वेळ बोलत होती.

"गो बायांनो, मराक इलास काय हंयसर? भरतेच्या वक्ताक खाडीत कोण बसता? कित्याक?"

त्या वेळी तिची भाषा आम्हाला अक्षर न् अक्षर समजली.

"एकेक चडा! एकदम नको, होडी उलाटतली!"

आधी हमीदाला चढवली. शेवंतीनं वरून दंड धरले, आम्ही खालून रेटली. होडी इतकी कलली की पाणी आत आलं. मग सुलोचना. मला चढायची ताकद नव्हती, मी काठाला लोंबकळत राहिले, आणि दोघींनी माझा पदर घट्ट धरून ठेवला. तसंच शेवंतीनं आम्हाला किनाऱ्याला लावलं.

चुलीपुढं बसवून तिनं कढत पेज दिली. ती म्हणाली, "माका काय म्हायत, तुमका भरती म्हायत नाय ता? सांगलंय असतंय मी." तिचा काही दोष नव्हता. पावसात भिजतं, हे आपण तरी कुणाला सांगतो का?

पेज पिऊन हमीदा म्हणाली, बाहेर चला, मला बघायचंय. ओल्या अंगानं आम्ही ओटीवर आलो. खाडी काठोकाठ भरली होती. पाणी लाल-सोनेरी, सपाट, जराही हलत नव्हतं. वाळू कुठं होती ते दाखवता आलं नसतं. एक बगळा पाण्यावरून गेला, त्याच्याखाली दुसरा उलटा बगळा. मला वाटतं आम्ही बराच वेळ तशा उभ्या होतो, अंधार पडून पाण्याचा नुसता वास उरेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी समुद्र दाखवला. मोठा आहे. आम्ही गाडीतूनच बघितला.

हमीदा वाचली. सुलोचना वाचली. मीही वाचले.